गुंगीआधीची रात्र

कोलोनोस्कोपीची, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीतून तपासायची, तारीख ठरली की आजूबाजूची माणसं धीर द्यायला सरसावतात. कुणी म्हणतं, 'काही होत नाही हो, झोपेत उरकतं सगळं.' कुणी म्हणतं, 'तपासणीचं काही नाही, पण आदल्या रात्रीचं ते औषध... बाप रे!' दोन्ही बोलण्यांत माया असते, आणि दोन्हींचा उपयोग होत नाही. ज्याला आत जायचं असतं त्याला एवढंच कळतं, की आपल्यापासून काहीतरी झाकून ठेवलं जातंय.

माझी तपासणी होऊन आता काही वर्षं झाली. पुढे मावशीच्या तपासणीला मी तिच्या सोबत होते. या दोन्ही वेळी जे पाहिलं त्यातून माझं मत पक्कं झालं, की ही भीती नुसत्या धीरानं जात नाही. काय होणार, कशासाठी, किती वेळ, आणि काही बिघडलंच तर समोरच्या माणसाच्या हातात कोणता उपाय आहे, हे नीट सांगितलं की मग ती हलते.

भीती कशाची, हे मात्र कुणी उघड बोलत नाही. डॉक्टरांना आपण विचारतो, 'दुखेल का?' मनात वेगळंच असतं. गुंगी दिली आणि जाग आलीच नाही तर? तिथल्या पलंगावर कपडे खराब झाले तर? गुंगीत तोंडून भलतंसलतं निघालं तर? अनोळखी माणसांसमोर पाठमोरं, गुडघे पोटाशी घेऊन, निम्मं उघडं पडायचं? माझ्या मनात हे सगळं होतं. आणि त्याखाली, सगळ्यात तळाशी, आत काय सापडेल ही भीती होती. वरच्या भीतींना उत्तरं मिळाली तेव्हाच या शेवटच्या भीतीकडे मला नीट बघता आलं.

आपल्या घरांत पोटाबद्दल संकोच आहे असंही नाही. 'पोट साफ झालं का?' हा प्रश्न सकाळच्या चहाबरोबर विचारला जातो. पण शौचाला रक्त दिसलं की बोलणं थांबतं. 'उष्णता वाढली असेल' म्हणायचं आणि सब्जा, गुलकंद, ताक सुरू करायचं. मग रस्त्यावरची 'मूळव्याध, भगंदर' अशी पाटी दिसते, तिथलं औषध होतं. यात महिने जातात. पुष्कळदा ती मूळव्याधच निघते, हे खरं. पण ती मूळव्याधच आहे हे आत पाहिल्याशिवाय ठरत नाही, हेही तितकंच खरं. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात बहुधा आधी छोटा कोंब उगवतो. त्याला डॉक्टर पॉलिप म्हणतात. असे सगळेच पॉलिप वाईट वळण घेत नाहीत, आणि जे घेतात त्यांना बहुधा कित्येक वर्षं लागतात. त्या काळात तो दिसला तर त्याच दुर्बिणीतून तारेचा फास टाकून काढता येतो. हे तंत्र न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या या दोन शल्यविशारदांनी १९६९च्या सुमारास रुळवलं. त्याआधी पॉलिप काढायचा तर बऱ्याचदा पोट उघडावं लागे. आज दीड मीटर लांबीचं आतडं एका बोटाएवढ्या जाडीच्या नळीतून पाहून, हवं ते काढून, माणूस संध्याकाळी घरी जेवायला येतो.

मावशी साताऱ्याची. सत्तरी ओलांडलेली. मधुमेह, रक्तदाबाची गोळी, आणि कितीही सांगितलं तरी न सुटलेली सकाळची मिश्री. तिच्या हातात सूचनांचा जो कागद पडला तो इंग्रजीत होता. तोंडी सांगितलं होतं, "आजी, आदल्या दिवशी हलकं खा." मावशीनं फोनवर मला सांगितलं, "एकादशीसारखं धरीन की गं, त्यात काय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं साताऱ्याला गेले. कारण एकादशी धरली असती तर तपासणी वाया गेली असती. आपल्या उपासात दाण्याचं कूट घातलेली खिचडी, रताळी, खजूर, राजगिऱ्याचा लाडू. इथे हवं असतं नेमकं उलटं. जे पचून संपतं तेवढंच खायचं. साल, बी, चोथा, देठ यांतलं काही आत उरू द्यायचं नाही. बिया दुर्बिणीच्या आतल्या बारीक नळीत अडकतात आणि मग डॉक्टरांना आतलं पाणी ओढून घेता येत नाही. आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसलो आणि फळीवरचा एकेक डबा पाहिला. ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, तिळाची चटणी, पेरू, डाळिंब, टोमॅटो हे सगळं दोन-तीन दिवस बंद. चालू काय, तर मऊ पांढरा भात, बिनसालीच्या मुगाचं पातळ वरण, साल काढलेला बटाटा, इडली, दही. शेवटच्या दिवशी नुसते निवळ द्रव: शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबाचं सरबत, वरणावरचं गाळून घेतलेलं पाणी, बिनदुधाचा चहा. मावशीनं विचारलं, "कोकम?" कोकम सरबत नको. लाल-जांभळा रंग आत उरला तर तो रक्तासारखा दिसतो. सब्जाही नको, तो तर बियाच.

औषधांचं मात्र आम्ही मनानं काही ठरवलं नाही. तिच्या गोळ्यांची सगळी पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे गेलो आणि प्रत्येकीसमोर 'चालू', 'बंद', 'कधीपासून' असं लिहून घेतलं. लोहाची गोळी साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण ती आतलं सगळं काळं करते. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन तसंच घेतलं आणि पोट रिकामं राहिलं तर साखर धोकादायक उतरू शकते, म्हणून मात्रा बदलतात; डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्या काही दिवस आधीच थांबवायला सांगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. हृदयात स्टेंट असलेल्या माणसानं क्लोपिडोग्रेल कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद केली, तर त्यात तपासणीहून कितीतरी मोठा धोका आहे. ती थांबवायची की नाही हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं.

आता ते बदनाम औषध. आपल्याकडे बहुतेकांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात, दोन लिटर पाण्यात मिसळून प्यायची. जुन्या माणसांना एरंडेल आठवतं आणि पोटात मुरडा येणार म्हणून ती आधीच धास्तावतात. या औषधाचं काम निराळं आहे. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही. आपल्याबरोबरचं पाणी धरून ठेवतं आणि ते पाणीच आतडं धुवत खाली जातं. सोबत मोजून क्षार घातलेले असतात, त्यामुळे शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे ओढले जात नाहीत. तरी मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर कोणती पावडर, किती, हे आधी विचारायलाच हवं, कारण पोट साफ करायची काही औषधं मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

चव खारट, बुळबुळीत आणि नकोशी आहे. ती चांगली आहे असं मी कुणालाही सांगणार नाही. गार करून, नळीनं, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला असं घेतलं की जातं. मळमळलं तर अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं. सोडून मात्र द्यायचं नाही. साधारण तासाभरात पोट हलायला लागतं. सुरुवातीला घाई होते, मग नुसतं पाणी जातं, आणि शेवटी ते पाणी निवळ, पिवळसर दिसायला लागतं. तसं दिसलं म्हणजे आतडं तयार.

सगळ्यात जास्त तक्रार ऐकू येते ती पहाटेच्या दुसऱ्या भागाबद्दल. अर्धं औषध रात्री, अर्धं पहाटे तीन-चारला उठून. 'एकदाच पिऊन टाकलं तर?' असं मावशीनंही विचारलं. कारण समजल्यावर ती स्वतःच गजर लावून झोपली. रात्री आतडं धुतलं तरी लहान आतड्यातून पित्त आणि इतर रस खाली येतच राहतात, आणि दुधावर साय धरावी तसा त्यांचा थर मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात बसतो. चपटे पॉलिप या भागात पुष्कळदा असतात आणि त्या थराखाली ते दिसत नाहीत. पहाटेचं औषध तो थर धुऊन नेतं. म्हणून ती मोडलेली झोप वाया जात नाही. डॉक्टरांना दिसणार की नाही, हे तीच ठरवते.

त्या रात्री घरच्यांनी करायच्या गोष्टी साध्या आहेत, आणि त्याच राहून जातात. संडासच्या वाटेवरचा दिवा रात्रभर चालू ठेवावा. ओली फरशी पुसावी. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा उकिडवं बसवत नाही, तर कमोड किंवा कमोडची खुर्ची मागवून ठेवावी. पाण्याच्या सततच्या माऱ्यानं कातडी हुळहुळते, म्हणून पहिल्यापासून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावं. आणि कुणीतरी जागं राहावं. मावशी त्या रात्री दोन वेळा म्हणाली, "तू झोप गं." मी झोपले नाही. ते तिला बरं वाटलं, हे तिनं सांगितलं नाही, पण मला कळलं.

गुंगीची भीती याहून खोल असते. आपण तिला सरसकट भूल म्हणतो आणि डोळ्यांसमोर मोठं ऑपरेशन, घशातली नळी, श्वासाचं यंत्र येतं. कोलोनोस्कोपीत सहसा यातलं काही नसतं. श्वास आपला आपणच घेत असतो. नाकाशी प्राणवायूची बारीक नळी, दंडावर रक्तदाबाचा पट्टा, छातीवर हृदयाच्या ठोक्यांच्या तारा, बोटाला चिमटा. तो चिमटा रक्तातला प्राणवायू कातडीवरूनच मोजतो. त्यामागची कल्पना जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांची, १९७०च्या दशकातली. प्राणवायू कमी व्हायला लागला की यंत्राचा सूर उतरतो आणि भूलतज्ज्ञ तिथल्या तिथे हनुवटी उचलतो, प्राणवायू वाढवतो. नखांचा रंग पुसून या असं सांगतात ते याच चिमट्यासाठी. कवळी काढायची ती घशात जाऊ नये म्हणून. दागिने काढायचे, कारण पॉलिप कापताना विजेचा प्रवाह वापरतात. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर मावशी गप्प झाली. तिथल्या परिचारिकेनं ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आजी, तुमच्या माणसाच्याच हातात आहे." इतकं पुरलं.

मला प्रोपोफोल दिलं होतं. दुधी रंगाचं इंजेक्शन, शिरेत जाताना थोडं चरचरतं. हे आधी सांगितलेलं असलं तर त्या क्षणी घाबरायला होत नाही. स्कॉटलंडचे पशुवैद्य जॉन ग्लेन यांनी आयसीआय या कंपनीत ते शोधलं. पहिल्या मिश्रणानं काहींना ॲलर्जी झाली म्हणून ते मागे घेतलं गेलं, मग सोयाबीन तेलात घोळवून ते नव्यानं तयार झालं आणि १९८६ साली वापरात आलं. मिनिटाच्या आत झोप लागते, औषध थांबवलं की काही मिनिटांत जाग येते. याचं नाव ऐकून लोकांना मायकेल जॅक्सन आठवतो. २००९ साली तो याच औषधानं गेला, हे खरं आहे. पण त्याला ते घरी, झोप लागावी म्हणून दिलं जात होतं. श्वासावर लक्ष ठेवणारी पुरेशी साधनं आणि भूलतज्ज्ञ तिथे नव्हते. या औषधाला उतारा नाही. त्याची सुरक्षितता शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेत आहे. म्हणून मी सगळ्यांना सांगते, की गुंगी कोण देणार आहे हे विचारा. त्या माणसाला आधी भेटा. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, दमा, दारू, तंबाखू, पूर्वीच्या भुलेचा त्रास, सैल दात हे सगळं त्याला न लपवता सांगा. आणि उपाशी राहायला सांगितलेल्या वेळेत चहाचा घोटही घेऊ नका. गुंगीत घशाची राखण सैल पडते आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं; हा नियम त्यासाठी आहे.

मावशीला वयामुळे हलकी गुंगी द्यायचं ठरलं, मिडाझोलाम आणि वेदनेसाठी थोडं फेंटानिल. या दोन्हींना उतारा देणारी औषधं खोलीत तयार असतात, हे भूलतज्ज्ञांनी तिला मराठीत, तिच्या शेजारी बसून सांगितलं. आत ती पूर्ण झोपली नव्हती. "कूस बदला" म्हटलं की बदलत होती, उत्तरं देत होती, असं परिचारिकेनं नंतर सांगितलं. मावशीला मात्र सुई टोचल्यापुढचं काही आठवत नव्हतं. मिडाझोलामचा तो गुणच आहे. त्या वेळेच्या आठवणी ते बनू देत नाही. तिनं मला हळूच विचारलं, "मी काही बोलले का गं आत?" मी तिथल्या भूलतज्ज्ञांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, जागं झाल्यावर बहुतेक जण एकच विचारतात, 'अजून सुरू नाही केलं का?'

गुंगीत जाणं म्हणजे थोडा वेळ स्वतःचा ताबा दुसऱ्याकडे देणं. ते जड जाणारच. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी याच तपासणीसाठी गुंगी घेण्याआधी लेखी पत्र देऊन आपले अधिकार उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्याकडे सोपवले होते. ८५ मिनिटांनी ते परत घेतले. अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनीही २००२ आणि २००७ साली तसंच केलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. एवढ्या मोठ्या अधिकाराचा माणूसही आधी कागदावर लिहून देतो, की मी आता जागा नसेन, तोवर माझं काम हिच्याकडे. आपल्यालाही तेवढंच करायचं असतं: चष्मा, फोन, मंगळसूत्र आणि निर्णय विश्वासाच्या माणसाकडे द्यायचे.

दुसऱ्यांच्या अनुभवांबद्दलही सांगायला हवं, कारण भीती बरीचशी तिथूनच येते. टोरांटोचे डॉक्टर डॉनल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमान यांनी १९९६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कोलोनोस्कोपी चालू असताना रुग्णांनी दर मिनिटाला आपली वेदना अंकांत सांगायची, आणि नंतर एकूण त्रास किती झाला ते सांगायचं. असे १५४ रुग्ण होते. कुणाची तपासणी काही मिनिटांत संपली, कुणाची तासाहून अधिक चालली. नंतरच्या आठवणीत या वेळेचा फारसा वाटा नव्हता. सर्वांत वाईट क्षण आणि शेवटचे क्षण, यांवरच आठवण बेतलेली होती. त्यांच्याच २००३च्या दुसऱ्या अभ्यासात ६८२ रुग्णांपैकी काहींची दुर्बीण शेवटी तीनेक मिनिटं तशीच स्थिर ठेवली. तपासणी लांबली, पण शेवट सौम्य झाला आणि त्या लोकांना सगळीच तपासणी कमी त्रासाची आठवली. म्हणजे शेजारच्या काकांनी सांगितलेला अनुभव खोटा नसतो. तो त्यांच्या सर्वांत वाईट क्षणाचा असतो. तुमची तपासणी त्यांच्या आठवणीवरून मोजू नका.

वेदना कुठून येते हेही कळलेलं बरं. आतड्याच्या आतल्या अस्तराला कापल्याचं दुखत नाही, पॉलिप काढताना काही कळत नाही. कळ येते ती आतडं ताणलं जाण्यानं, वळणांवर नळीचा वेढा पडल्यानं आणि आत सोडलेल्या वायूनं. कार्बन डायऑक्साइड वापरला तर तो शरीर लवकर शोषून घेतं आणि नंतरची फुगारी कमी होते. हेही विचारून ठेवता येतं. नॉर्वेमध्ये बरेच लोक गुंगीशिवाय ही तपासणी करून घेतात. तसं करावं असं मी म्हणत नाही, पण ज्यांना गुंगीचीच धास्ती आहे त्यांना हा पर्यायही डॉक्टरांशी बोलून पाहता येतो.

संमतीपत्र वाचलं की सगळा धीर पुन्हा सुटतो. रक्तस्राव, आतड्याला छिद्र, मृत्यू असे शब्द त्यात असतात. ते वाचा आणि विचारा. साध्या तपासणीत छिद्र पडण्याचं प्रमाण हजारात एकाहूनही कमी आहे. मोठा पॉलिप काढायचा असेल तर ते वाढतं. मावशीनं विचारलं, "आणि पडलंच तर?" डॉक्टर थांबले, म्हणाले, "कधी आतूनच क्लिप लावून बंद करता येतं, कधी ऑपरेशन करावं लागतं." या उत्तरानं ती घाबरली नाही. तिनं सही केली.

तिच्या आतड्यात दोन छोटे पॉलिप सापडले. ते तेव्हाच काढले, तपासायला पाठवले, आणि अहवाल चांगला आला. पुढची तपासणी केव्हा, हे डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. संध्याकाळी तिनं मऊ भात आणि तूप खाल्लं.

तुमच्या घरात कुणाची तारीख ठरली असेल तर सूचनांचा कागद त्यांच्या शेजारी बसून मराठीत वाचून दाखवा. गोळ्यांची पिशवी डॉक्टरांना दाखवा, प्रश्न लिहून न्या, आदल्या रात्री जागे राहा. तपासणीनंतर चोवीस तास त्यांना गाडी चालवू देऊ नका, कुठल्या महत्त्वाच्या कागदावर सही करू देऊ नका. घरी आल्यावर पोटात जोराची कळ, ताप, उलटी किंवा शौचातून खूप रक्त यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता लगेच फोन करा. आणि तुम्हाला स्वतःला रक्त दिसत असेल, तर उष्णतेवर न सोडता या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा.